ताप नाही, ठीक आहे

१२ जानेवारी

भाऊजी,

आधी एवढं सांगते, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी वहिनीचं पत्र म्हटल्यावर तुम्ही आधी शेवटची ओळ शोधली असेल. आता वरून सावकाश वाचा.

तुमच्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय. उजव्या बाजूला, वरच्या भागात. खोकला कितीतरी दिवस होता, आम्ही त्याला हवा बदलली म्हणत होतो. मग थुंकीत रक्त आलं, आणि ह्यांनी बेसिनचा नळ सोडून ते घालवलं. मला कळलं ते टॉवेलवरच्या डागावरून. विचारलं तर म्हणे, "दाढी करताना कापलं." दाढी आदल्या दिवशी केली होती! तर असे आहेत आपले दादा, तुम्हाला मी काय नवीन सांगणार.

हे पत्र मी लिहितेय ते त्यांना माहीत नाही. दुपारच्या सुट्टीत, दुकानाच्या कागदावर लिहितेय. अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे, फ्रेममध्ये काचा बसवते. फोन करता आला असता, पण घर केवढं ते तुम्हाला ठाऊक आहे, एका खोलीत खोकलं की दुसरीतलं भांडं वाजतं. शिवाय तुमचा आवाज ऐकला असता तर मी भांडले असते आणि सांगायचं राहून गेलं असतं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं सरळ. कापून काढता येणार नाही म्हणाल्या, कारण मधल्या गाठींत आणि पलीकडच्या फुफ्फुसातही गेलंय. तुकडा तपासून आला, तर नुसत्या गोळ्यांवर भागेल असा हा प्रकार नाही. शरीराच्या आपल्याच ताकदीला लढायला लावणारं एक नवं औषध असतं, पण ह्यांच्या संधिवातामुळे ते द्यायचं नाही. म्हणजे राहिली केमो. तिच्यात दोन जोड्या सांगितल्या. कार्बोप्लाटिन दोन्हीत आहेच. त्याच्याबरोबर पॅक्लिटॅक्सेल घेतलं तर तीन आठवड्यांतून एकदा जायचं, केस सगळे जाणार, हातापायांना मुंग्या येणार आणि त्या कदाचित जाणारही नाहीत. त्याऐवजी जेमसायटाबीन घेतलं तर केस बहुतेक टिकतात, मुंग्याही कमी, पण लागोपाठ दोन आठवडे जायचं, मग एक आठवडा सुट्टी, आणि रक्तातल्या पेशी फार उतरतात. गुण साधारण सारखाच. मी विचारलं, "बरे होतील ना?" त्या म्हणाल्या, "पूर्ण बरं नाही होणार, काकू. जमेल तितके दिवस आटोक्यात ठेवू."

हे म्हणाले, "ते तीन आठवड्यांतून एकदावालं द्या. सारखं चालू-बंद बरं नसतं." जसं काही त्या बाई आम्हाला पाण्याचा पंप विकत होत्या.

मला रडू आलं नाही. येईल म्हणून बसमध्ये खिडकीची जागा धरली होती, तरी नाही आलं. घरी येऊन मी भांडी घासली आणि ह्यांनी नळाचा वायसर बदलला.

तुम्ही या, असं मी लिहीत नाहीये. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

वहिनी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं कार्ड दुकानावर मिळालं. "काय लागेल ते कळवा." संपलं! तुम्ही दोघे भाऊ शब्द तोळ्यावर आणता की काय? लागायचं काही नाही. कोणाला तरी सांगायला लागतं, तेवढंच लागतं. ते तुम्हाला सांगतेय.

दोन डोस झाले. मोठी खोली आहे, ओळीने खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड. आधी उलटी होऊ नये म्हणून आणि अंगावर काही उठू नये म्हणून औषधं देतात, मग पॅक्लिटॅक्सेल हळूहळू तीन तास, मग दुसरं. सिस्टर येऊन विचारते, "काका, काही होतंय का?" "ठीक आहे." पहिल्या वेळेस तोंड लालबुंद झालं होतं, छाती आवळल्यासारखी झाली होती, तरी ठीकच. सिस्टरने चेहरा बघितला आणि न विचारता थेंब थांबवले. शहाणी मुलगी. तिचंच ह्यांच्याशी लग्न लावून द्यायला हवं होतं, मी सुटले असते.

नंतरचे तीन-चार दिवस हाडं ठणकतात. केस उशीवर दिसायला लागले तसे हे न्हाव्याकडे जाऊन सगळेच काढून आले. डोकं किती लहान आहे हो ह्यांचं! म्हटलं, "एवढ्याशा डोक्यात एवढा हट्ट मावतो कसा?" तर थोडं हसले. तोंड आलंय, त्याला मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. प्रत्येक घासाला लोखंडाची चव लागते म्हणतात. म्हणून स्टीलचे चमचे काढून ठेवले, लाकडी आणले. गरम अन्नाचा वासही नको होतो, गार केलेलं चार घास जातं. दिवसातून तीनदा ताटभर द्यायचं नाही, वाटी वाटी देत राहायचं. पोट साफ व्हायचं औषध वेगळं. हे सगळं मला गिऱ्हाइकांच्या नंबरांसारखं पाठ झालंय. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

एक गोष्ट मात्र डॉक्टरीणबाईंनी बोट नाचवून सांगितली. ह्या औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात, आणि त्या उतरल्या की साधा जंतूही माणूस घेऊन जातो. रोज ताप मोजायचा. शंभर पॉइंट चारला पोचला की तडक फोन करायचा. "आणि तापाची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही हं काका. ताप झाकला जातो, मग आम्हाला काहीच कळत नाही." ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. नंतर एकच विचारलं, "ताप असला तर पुढचा डोस?"

"पुढे ढकलावा लागेल."

"हं," म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत एक आजोबा असतात, लोकरीची टोपी घालून. मी त्यांना टोपीवाले म्हणते. परवा त्यांनी ह्यांना विचारलं, "भाऊबीऊ कोणी?" हे म्हणाले, "होता." आणि डोळे मिटले. टोपीवाल्यांना वाटलं तुम्ही वारलात! हळहळायलाच लागले. मग मला त्यांना बाहेर नेऊन सांगावं लागलं, की अहो, चांगला धडधाकट आहे, दोघं एकाच कारखान्यात बॉयलरवर होते. दाबाचा काटा लाल रेघेपुढे गेला की थोरल्याची रीत अशी, आधी वाफ सोडायची, काटा खाली येऊ द्यायचा आणि मगच आकडा लिहायचा. म्हणजे कागदावर कधी काही बिघडलेलं नाही. तपासनिसाने धाकट्याला विचारलं, धाकट्याने जे होतं ते सांगितलं. थोरल्याला उचलून गोदामात बसवलं. तेव्हापासून बोलणं बंद. टोपीवाले म्हणाले, "मग चूक कोणाची?" मी म्हटलं, "मी जेवायला दोघांना वाढायचे, न्याय करायला मला कोणी बोलावलं नव्हतं."

तुम्ही शाळेत होतात तेव्हा मी ह्या घरात आले. तुमचा डबा मी भरलाय. तेव्हा पुढचं कार्ड जरा दोन ओळींचं पाठवा.

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

तिसरा डोस होऊन दोन आठवडे होत आले. ह्यांची बोटं गेली. म्हणजे जागेवर आहेत, पण त्यांना काही कळत नाही. सदऱ्याची बटणं मी लावते. पायातली चप्पल मागे राहते आणि हे तसेच पुढे जातात. परवा कढत पाण्यात हात घातला आणि लाल झालेला बघून मीच ओरडले, हे आपले माझ्याकडे बघतायत. आता अंघोळीचं पाणी मी कोपर बुडवून बघते.

ह्या डोसाच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मुंग्या कितपत आहेत? बटण लावता येतं?" हे म्हणाले, "येतं की." मी शेजारीच उभी. माझ्याच्याने राहवेना, म्हटलं, "नाही येत. मी लावते." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, भाऊजी, असं त्यांनी फक्त एकाच माणसाकडे बघितलेलं मी पाहिलंय. डॉक्टरीणबाईंनी औषधाचा जोर थोडा कमी केला. बसमध्ये माझ्यापासून दोन बाकं सोडून बसले. जिना चढताना म्हणाले, "औषध कमी केलं की ते दुखणं वर येणार. तुला काय!"

ताप मात्र नाही, तेवढंच एक सुख. दुकान मी आता अर्धा दिवस करते. थर्मामीटर घेऊन गेले की म्हणतात, "थांब, जरा आवरून येतो." मग न्हाणीघरात जातात. येऊन बसतात, कधी नव्हे ते इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, दुकानात आज कोण आलं होतं, कोणाचा नंबर वाढला. मला आपलं बरं वाटतं, बोलतायत तरी. पुष्कळ वेळाने स्वतःच म्हणतात, "हं, आण आता." अठ्ठ्याण्णव. कधी बघा, अठ्ठ्याण्णव. त्याआधी दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत असतात, आणि मोजायच्या वेळी बनियन पिळून घ्यावी इतका घाम. "अशक्तपणाचा घाम आहे," म्हणतात. मी वाद घालत नाही. वाद घालायला अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात उरलेलं नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, "तू किती धीराने घेतेस गं." कसला धीर! मला काही वाटतच नाहीये. उठते, गुळण्यांचं पाणी करते, चादर बदलते, दुकानात येते, काच घासते, परत जाते. आतमध्ये कोणीतरी दिवा काढून घेतल्यासारखं झालंय. असं होतं का हो माणसाला?

वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

तुमचा फोन आला तेव्हा मी काउंटरमागे होते. मालकीणबाईंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. तुम्ही कशा आहात नाही की काही नाही, एकदम सुरुवात. "वहिनी, त्याला विचारून मोजू नका. न सांगता मोजा, आत्ता जाऊन. दादा वाफ सोडून मग काटा वाचतोय."

मी म्हटलं, "कसली वाफ?"

"गोळी! तो घाम गोळीचा आहे. न्हाणीघरात गोळी घेतो, ताप उतरेपर्यंत तुम्हाला गप्पांत गुंतवतो, मग मोजायला लावतो."

माझ्याच तोंडाने मी ते सगळं टोपीवाल्यांना सांगितलेलं, माझ्याच हाताने तुम्हाला लिहिलेलं, आणि माझ्याच डोक्यात शिरलं नाही. एक बाई नवी फ्रेम लावून आरशात बघत होत्या. त्यांना म्हटलं, "छान दिसतेय," आणि पर्स उचलून निघाले.

हे झोपले होते. काखेत थर्मामीटर घातला. जागे झाले, माझं मनगट धरलं, त्या बधिर बोटांनी धरलं म्हणजे नुसतं टेकवलं. "थांब, जरा आवरून..."

"काही आवरायचं नाही," मी म्हटलं.

एकशे दोनच्या वर होता. गोळ्या दाढीच्या पेटीत सापडल्या, ब्लेडच्या पुड्यांखाली.

त्याच पावली दवाखाना गाठला. पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच, आणि त्याच फुफ्फुसात न्यूमोनिया. वेगळ्या खोलीत ठेवलं, दोन-दोन अँटिबायोटिक सलाइनमधून, रक्तदाब खाली गेलेला. तोंडाला मास्क लावून मी काचेबाहेर बसून होते. डॉक्टरीणबाई कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "अजून एक दिवस असंच चाललं असतं ना, तर मी काही सांगू शकले नसते." मला वाटतं त्या माझ्यावर रागावल्या होत्या. मी ऐकून घेतलं. त्यांना कसं सांगणार, की माझा नवरा तुम्हाला तपासनीस समजतो.

परवापासून धोका टळलाय. काल मास्क लावून आत गेले आणि विचारलं, "का केलंत?"

"डोस थांबवला असता त्यांनी. थांबवलं की संपलं."

"आणि मी? मीसुद्धा तपासनीसच का तुमच्या लेखी?"

ह्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" मी तुमचं नाव घेतलं. म्हटलं, जानेवारीपासून पत्रं लिहितेय, काय करायचं ते करा. भिंतीकडे तोंड केलं. "परत त्यानेच," म्हणाले. सलाइनचे थेंब पडत होते ते मी बघत बसले. मग भिंतीकडे बघूनच म्हणाले, "पण एवढ्या लांब बसून त्याला कळलं कसं?"

म्हटलं, "तुमच्याच हाताखाली शिकलाय ना."

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मी वाकून बघितलं नाही.

तुमच्या फोनने माणूस वाचला. मला त्याबद्दल काहीतरी मोठं लिहायला हवं, पण सुचत नाही. आनंदही मला उशिराच पोचेल असं दिसतंय.

वहिनी


२५ एप्रिल

भाऊजी,

चौथा डोस दिलाच नाही. ताकद येईपर्यंत थांबले, मग आधी स्कॅन केला. गाठ वाढलीय. यकृतावरही ठिपके आहेत.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं, दार लावलं, फोन उलटा ठेवला. म्हणाल्या, अजून एक औषध आहे, डोसिटॅक्सेल नावाचं. ते एकटंच देता येईल. थोड्याच लोकांना लागू पडतं, लागू पडलं तर काही महिने थोपवतं. मुंग्या वाढतील, पेशी परत उतरतील, त्यासाठी पेशी वाढवायचं इंजेक्शन देऊ, जोर आधीपासूनच कमी ठेवू. नाहीतर केमो थांबवायची. म्हणजे सोडून द्यायचं असं नाही. दम लागू नये, दुखू नये, झोप लागावी ह्यासाठी औषधं द्यायची, घरी येऊन बघणारी सिस्टर असते, आणि जितके दिवस आहेत ते घरी. "दोन्हीतलं काहीही निवडलंत तरी चूक नाही," म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून ह्यांना विचारलं, "काका, आता मला खरं सांगा. कसं वाटतंय?"

मी खाली बघत होते. आता येईलच, ठीक आहे.

"बरं नाही," हे म्हणाले.

मी मान वर केली.

"पाय जमिनीवर आहेत ते बघितल्यावर कळतं, नाहीतर कळत नाही. आडवं झालं की श्वास पुरत नाही, मी उठून खुर्चीत बसतो, हिला उठवत नाही. जेवताना लोखंड चावतोय असं वाटतं. ही हात धरते, तेव्हा मला हात लागत नाही. मला हे परत नको. थांबवा."

इतकं लांब बोललेले तुम्ही कधी ऐकलेत का त्यांना? मी नाही. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून एक खरं वाक्य निघावं म्हणून मी डोकं आपटलंय. कधी गोडीने, कधी अबोला धरून, कधी ताट आपटून, तुम्ही सगळं बघितलंय. ते आता निघत होतं, एकामागून एक निघत होतं, आणि मी तिथे बसून मनात काय म्हणत होते सांगू? अहो, गप्प बसा. ठीक आहे म्हणा. म्हणा ना एवढं एकदा खोटं, त्या बाई औषध लिहून देतील.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काकू, तुमचं काय म्हणणं?"

"ते म्हणतायत तसं करा," मी म्हणाले. आवाज अगदी नीट निघाला.

बसमध्ये ह्यांनी डोकं माझ्या खांद्याला टेकलं, चारचौघांत. ह्यांनी! मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला होता, भाऊजी. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं आणि आला तो राग. मला विचारलंही नाही. मला हवे होते ते काही महिने. बोटं नसलेले, चव नसलेले, कसलेही चालले असते मला. पण ते माझ्या अंगावर नाही, त्यांच्या अंगावर निघणार होते. म्हणून बोलले नाही आणि आता बोलणारही नाही. तुम्हाला लिहिलं, ते तुमच्यापाशीच ठेवा.

हे ठरून आठवडा झाला. सिस्टर येऊन बघून जाते. श्वासासाठी थेंब दिलेत, दुखण्यावर गोळी आहे, पाठीशी तीन उशा लावून बसवते. आता हे काही लपवत नाहीत. सिस्टरने विचारलं की एकूण एक सांगतात, कुठे दुखतं, किती दुखतं, रात्री कितीदा जाग आली. ती म्हणते, असे पेशंट असले की आमचं काम सोपं होतं. तिचं सोपं होत असेल.

तुमचं नाव घरात पुन्हा निघायला लागलंय. काल म्हणाले, "त्याला लिहितेयस ना? मग आधी सांगून ठेव मी किती वाळलोय ते. नाहीतर दारात तोंड पाडून उभा राहील आणि मलाच त्याची समजूत काढावी लागेल." मी विचारलं, "म्हणजे ये म्हणून लिहू?" तर म्हणाले, "मला त्याच्याशी बोलायचंय." इतकं सरळ. मी दोनदा विचारून खात्री केली.

पण मी तुम्हाला बोलावतेय ते त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आज सकाळी त्यांना विचारलं, "पाणी देऊ?" तर म्हणाले, "पाणी नको. भीती वाटतेय."

मी पेला हातात धरून तशीच उभी. भाऊजी, ह्याच्यावर काय बोलायचं असतं? तापाला गोळी आहे, दमाला थेंब आहेत, ह्याला काय द्यायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हटलं, "गार आणते हं," आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले.

ते परत म्हणतील. आज नाही तर उद्या म्हणतील. मला एकटीला ते ऐकवत नाही. पत्र मिळेल त्या दिवशी निघा.

वहिनी